काळवंडलेला कप

चॅम्पियनच्या बायकोने एकदा का घासणी हातात घेतली, की घरातल्या कुठल्याच धातूची धडगत नसे. त्या आठवड्यात तर ती पेटलीच होती. गंजलेली कात्री तिने दिवसभर व्हिनेगरमध्ये बुडवून नवी केली. किसणीचे दात जुन्या टूथब्रशने घासले. शेगडीच्या जाळ्या सोड्याच्या गरम पाण्यात घातल्या, तेव्हा त्या पाण्याचा रंग बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. सगळं उरकल्यावर ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली आणि शोकेसकडे बघत म्हणाली, "आता तो कप काढा."

चॅम्पियनने वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं.

हा कप म्हणजे त्याची आयुष्यभराची पुंजी. कॉलेजात असताना धावण्याच्या शर्यतीत तो मिळाला, आणि तेव्हापासून 'आम्ही पहिले आलो होतो' हे वाक्य घरात मिठासारखं रोज वापरलं गेलं. लेकीला दोन मार्क कमी पडले, की त्याची नजर शोकेसकडे जाई. जावयाने गाडी घेतली तेव्हा तो म्हणाला, "गाडीत बसून काय, कोणीही पुढे जाईल." सोसायटीतले लोक त्याला चॅम्पियन म्हणत, निम्मे आदराने आणि निम्मे सवयीने. नोकरी त्याने वजनकाटे तपासायच्या खात्यात केली. किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले तरी तो दुकानदाराला घाम फोडी. स्वतःच्या मापात किती खोट आहे, ते मात्र त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

खोट अशी, की कपावर 'पहिला' हा शब्दच नव्हता. तिथे कोरलं होतं, 'धावणे, उत्तेजनार्थ'. पहिल्या तिघांच्या कपांवर त्यांची नावं घातली होती. ह्याचं नाव घालायची कोणाला गरजच वाटली नाही. दोन वर्षांत कपाचा चांदीचा मुलामा काळवंडला, शब्द काळ्यात काळा होऊन गडप झाला, आणि चॅम्पियनचा जीव भांड्यात पडला. पुढे लग्न झालं. नवी नवरी कप पुसायला गेली, तेव्हा जुन्या चांदीला हात लावायचा नसतो, तिचं तेज जातं, असं शास्त्र त्याने तिला ऐकवलं. तिने ते छत्तीस वर्षं पाळलं. नव्या नवरीला काहीही सांगून खपतं, आणि नंतर विचारायचं राहून जातं.

पण आता पंचाईत झाली होती. रविवारी सोसायटीत साठीपुढच्यांची भरभर चालण्याची स्पर्धा होती आणि प्रमुख पाहुणा होता चॅम्पियन. सेक्रेटरीने बजावून सांगितलं होतं, "कप घेऊन या. टेबलावर मध्यभागी ठेवू."

"हे असलं डांबर लोकांपुढे नेणार?" बायको म्हणाली. "नावं मला ठेवतील, तुम्हाला नाही."

"मी घासतो," चॅम्पियन म्हणाला.

ज्या माणसाला घरात घासणी कुठे असते हे माहीत नव्हतं, त्याच्याकडे तिने नीट निरखून बघितलं. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" तिने विचारलं.

शनिवारी ती बहिणीकडे गेल्याबरोबर चॅम्पियनने बाथरूमचं दार लावून घेतलं. बेत सोपा होता. कप चकचकीत करायचा आणि त्या नादात शब्दही घासून टाकायचा. मोबाइलवरची एक हसरी बाई लिंबू, मीठ आणि सोडा एवढ्यातच जग स्वच्छ करत होती. तिच्याकडे बघत बघत त्याने कपाला लेप लावला आणि जोर काढून घासायला सुरुवात केली. घासताना त्याला चक्क मजा वाटली. काळं सुटत गेलं, खालून पांढरी चांदी हसायला लागली, आणि मग त्याने कप धुऊन उजेडात धरला.

सगळीकडचं काळं गेलं होतं. अक्षरांच्या खाचांतलं तेवढं राहिलं होतं. इतकी वर्षं काळ्यावर काळा असलेला शब्द आता पांढऱ्यावर काळा झाला होता आणि चष्म्याशिवाय वाचता येत होता. हे त्याच्या बायकोने त्याला एका वाक्यात सांगितलं असतं, पण घासण्याबद्दल बायकोला काही विचारणं चॅम्पियनच्या रीतीत बसत नव्हतं.

त्याने टूथपेस्ट लावून बघितली. अक्षरं अजून उठून दिसली. शेवटी तो हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर घेऊन आला आणि दातओठ खाऊन भिडला. चांदी गेली, खालचं पिवळं पितळ उघडं पडलं, बोटांची सालं निघाली. 'धावणे' पार पुसलं गेलं. 'उत्तेजनार्थ' जसंच्या तसं. कोरणाऱ्याने तेवढाच शब्द मन लावून खोल कोरला होता. चॅम्पियनला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

तेवढ्यात बायको परत आली. दार वाजवून वाजवून ती कंटाळली, तेव्हा त्याने कडी काढली. तिने त्याच्या हातातून कप घेतला आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं सावकाश वाचलं. "उत्तेजनार्थ."

"तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

"त्या काळात उत्तेजनार्थला फार मान होता."

"म्हणजे कितवे आलात?"

चॅम्पियनने नळ बंद केला, परत उघडला, परत बंद केला. "चौथा," तो म्हणाला.

ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली, आणि आता तिचा चेहरा बघून चॅम्पियनला खरी भीती वाटली.

"पोरगी अकरा वर्षांची होती," ती म्हणाली. "चित्रकलेत दुसरी आली. केवढी उड्या मारत आली होती. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? दुसरा म्हणजे हरलेल्यांतला पहिला. त्यानंतर तिने कधी ब्रश हातात धरला नाही हो."

"मी तिच्या भल्यासाठी..."

"उद्या ती येणार आहे. माइकवर खरं काय ते सांगायचं. नाहीतर मी उठेन आणि कप वाचून दाखवेन."

रविवारी कप टेबलाच्या मध्यभागी होता, अर्धा पांढरा आणि अर्धा पिवळा. सेक्रेटरीने ओळख करून दिली आणि चॅम्पियन उठला. पहिल्या रांगेत बायको हाताची घडी घालून बसली होती, शेजारी लेक.

"मित्रहो," तो म्हणाला, "आज एक कबुली देतो. मी पहिला आलो नव्हतो. चौथा आलो होतो."

सेक्रेटरीने टाळी वाजवली आणि त्याच्यामागे सगळ्यांनी. "असा खरेपणा हल्ली कुठे बघायला मिळतो?" सेक्रेटरी म्हणाला. "खरेपणात आमचा चॅम्पियन पहिला." टाळ्या वाढल्या. चॅम्पियनला आधी विश्वास बसेना, मग बसला, आणि मग त्याची छाती भात्यासारखी फुगायला लागली. हे आधीच का सुचलं नाही, असं त्याला वाटून गेलं.

"त्या शर्यतीत भलेभले धावले होते," तो आता रंगात आला. "त्यांच्यात चौथं येणं म्हणजे खायचं काम नव्हतं. म्हणून मी माझ्या लेकीला लहानपणापासून सांगत आलो, बाळा, नंबराला महत्त्व नसतं."

बायकोने हाताची घडी सोडली. पण तिच्याआधी लेक उठली होती. ती रागावलेली दिसत नव्हती. तिने साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं, "बाबा, धावले एकूण किती जण होते?"

चॅम्पियनने सेक्रेटरीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. लेक उभीच होती.

"चार," तो म्हणाला. माइक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.