म्हशी घरी यायच्या आत

निशिगंधाने लग्नासाठी पाच किनाऱ्यांचा तक्ता केला होता: वारा, भरती, पॅरासेलिंग. श्रीवर्धन पहिलं आलं. मुहूर्त सूर्यास्ताचा, नवरी होडीतून येणार. उमरठच्या वरच्या वाडीत, अंगणात बसून तिने हे सगळं वडिलांना वाचून दाखवलं.

"झकास हाय," भागोजी म्हणाले. "फोटो पाठव."

"म्हणजे? तुम्ही येणार नाही?"

"सूर्य बुडताना म्हशी घरी येतात गो. धारा कोण काढील, तुझा लॅपटॉप?"

"शेजारचे काढतील."

"त्यांनापण तूच आवतण दिलंस ना? अख्खी वाडी वाळूत, नि म्हशी गोठ्यात बोंबलतायत!"

आईला, साळूबाईला, हसू आवरेना. निशिगंधाचा मात्र चेहरा उतरला. बाबांशिवाय तिला तो समुद्र नकोच होता. तिने पुन्हा हिशोब मांडला. जायला तीन तास, यायला तीन. पंचांगात त्याच दिवशी साडेअकराचाही मुहूर्त होता.

"बाबा, अडीचला जेवून निघालात तर सहाच्या आत घरी. याल?"

"भर उन्हात पाय भाजतील की," साळूबाई म्हणाली.

"चपला घालून लग्न लावू."

भागोजींनी मिशीवरून हात फिरवला. "येतो. पण अडीचनंतर नवरदेव रुसला, तर समजूत काढायला मी थांबणार नाय."