काचेतली बेडकी

मी एक गाडी बोलतेय. जरा जवळ या, मधे काच आहे ना, आवाज अडतो. नाक नका टेकवू फक्त, तसले ठसे इथे रोज सकाळी पुसावे लागतात.

मी साधीसुधी गाडी नाही बरं का, स्पोर्ट्स कार आहे! दोन दारं, दोन सीटा, कापडी छत, गडद हिरवा रंग. उंची इतकी कमी की माझ्यात कुणी बसत नाही, वाकून स्वतःला आत सोडून देतं. जन्म इंग्लंडचा, वय साठीच्या पुढे. माझ्यासारख्या आता जगात मोजक्याच उरल्यात म्हणे. हे 'म्हणे' लक्षात ठेवा. माझा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

चंद्रपूरच्या एका खाणीवरच्या साहेबांनी मला बोटीतून आणवलं होतं. काय दिवस होते यार ते! कोळशाची धूळ खात मी खाणीच्या रस्त्यांवर अशी सुटायचे की सायकलवाले आधीच कडेला उतरून उभे राहायचे. मग साहेब निवृत्त झाले, परत गेले आणि मी बंगल्यामागच्या शेडमधे राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या बसायच्या. अंडीसुद्धा घातली एकीने. काय बोलणार?

तिथून मला धनराजभाऊंनी सोडवलं. नागभीडला त्यांची धानाची मिल आहे. एका ट्रकमधे तणस पसरून, त्यावर मला निजवून त्यांनी घरी आणलं, आणि मग कित्येक वर्षं एकेक सुटा भाग शोधत मला उभं केलं. माणूस प्रेमळ, पण घाबरट. मला चालवायचे ते मिलच्या अंगणात, बूट काढून नुसत्या मोज्यांनी, तिसऱ्या गिअरच्या वर कधी नाही. समोर कोंबडी आली की इंजिनच बंद करायचे.

तरी तेवढं तरी होतं! पण एकदा मुंबईहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले. माझ्याभोवती फिरले, खाली झोपून पाहिलं, आणि धनराजभाऊंच्या कानात माझी किंमत सांगितली. भाऊ मटकन धानाच्या पोत्यावर बसले. त्या दिवसापासून मी मिलच्या गोदामात आणि माझ्यावर ताडपत्री. पलीकडे मिल दिवसभर धडधडायची आणि मी गप्प. कोंड्याची धूळ ताडपत्रीवर बसत राहायची. अंगात इतका वेग भरलेला असताना एका जागी उभं राहणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला नाही कळणार. शिंक अडकलीय, आणि ती वर्षानुवर्षं अडकलीय, असं समजा.

मला उघडायची एकच व्यक्ती. भाऊंची मुलगी करिष्मा.

करिष्मा गाडी शिकली ती मिलच्या अंगणातच, धानाच्या ढिगांना वळसे घालत, मिलच्या जुन्या जीपवर. नागपूरला कॉलेजात गेली तर तिथे तिला गाड्यांचे वेडे भेटले. ते अधूनमधून कुठेतरी रिकामी जागा गाठून ट्रॅक डे करायचे. म्हणजे शर्यत नाही हं. एकेकाने आपली गाडी मोकळ्या जागी मनसोक्त पळवायची, बस. करिष्मा सुट्टीत आली की ताडपत्रीत घुसून, माझं स्टिअरिंग धरून मला त्या गोष्टी सांगायची. मी ऐकून ऐकून वेडी व्हायचे!

आणि मग प्रफुलमामा मधे पडले. हे करिष्माचे मामा. ताडोबाच्या एका गेटच्या रस्त्यावर त्यांचं रिसॉर्ट आहे.

"भाऊजी, गाडी गोदामात सडून राह्यली," ते म्हणाले. "माझ्याकडे द्या. समोरच काचेची खोली बांधतो. वाघ दिसो न दिसो, गाडी तर दिसन पब्लिकले!"

"काचेत?" करिष्मा ओरडली. "मामा, ते गाडी हाये, लोणचं नाई!"

"अन् तू काय करशील? रस्त्यावर काढशील, ठोकशील."

"मी नाई ठोकत. बाबा, एक डाव ट्रॅकवर नेऊ द्या. एकच डाव."

धनराजभाऊंनी माझ्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. शेवटी म्हणाले, "ठीक हाये. ने. एकही ओरखडा न पडता घरी आणली तर गाडी तुझी, दर महिन्याले ने. पडला ओरखडा, तर प्रफुलच्या काचेत. मंग रडाचं नाई."

झालं! माझा अन् तिचा निकाल एका ओरखड्यावर लागणार होता.

ट्रॅक ठरला मुलचेऱ्याकडे. तिकडे जंगलाच्या कडेला एका बंद पडलेल्या कंपनीची विमानं उतरायची पट्टी आहे. मस्त लांबलचक, काळंभोर डांबर. मला ट्रकवर चढवून नेलं. शेजारी धनराजभाऊ स्वतः बसले, सगळा रस्ता माझ्या दोऱ्या तपासत. पहाटेच पोचलो. नागपूरच्या सात-आठ गाड्या आधीच आल्या होत्या. आणि पट्टीवर काय असावं?

मोहफुलं! या टोकापासून त्या टोकापर्यंत मोहफुलं पसरलेली. मोहाचा हंगाम होता, आणि काळ्या डांबरावर फुलं जशी सुकतात तशी अंगणात सुकत नाहीत. गावातल्या बाया दरवर्षी इथेच वाळवायच्या. सगळ्या हवेत तो गोड, जड वास. माझ्या कार्बोरेटरला गुदगुल्या व्हायला लागल्या.

ट्रॅक डेचा म्होरक्या अंकुश, नागपूरचा, गॉगलवाला. तो बायांपुढे कागद नाचवायला लागला. "मावशी, आम्ही परवानगी घेतली आहे कंपनीची. पट्टी कंपनीची आहे."

सगळ्यांत पुढे सुगंधाबाई होत्या. कमरेला पदर खोचलेला, हातात खराटा. "पट्टी कंपनीची असन बाबू," त्या म्हणाल्या, "ऊन कंपनीचं हाये का?"

अंकुशने कागदाची घडी करून खिशात घातली! मी तर आतल्या आत हसून हसून बेजार.

मग करिष्मा पुढे झाली. "बाई, अर्धी पट्टी आमाले द्या, अर्धी तुमची. तुमच्या मोहावर धूळ नाई उडणार, आमी डांबर सोडून खाली उतरणारच नाई."

सुगंधाबाईंनी तिला नीट पाहिलं, मग मला. "अन् हे बेडकी कोणाची?"

"माझी," करिष्मा म्हणाली आणि बापाकडे बघून जीभ चावली. "म्हणजे, बाबांची."

तर असं माझं बारसं झालं. बाया हसत हसत कामाला लागल्या. अर्ध्या पट्टीवरची फुलं खराट्याने पलीकडे सारली, आणि वळणं दाखवायला सुकलेल्या मोहाची भरलेली पोती मधेमधे उभी केली. पोत्याला गाडी लागली तर पोतं फुटणार आणि बायांची मेहनत डांबरावर. आता बोला!

अंकुशची गाडी पहिली. नवी, महागडी, भयंकर आवाजाची. दुसऱ्याच वळणाला ती डांबर सोडून मातीत घुसली आणि धुळीचा असा लोट उठला की पलीकडची फुलं लाल झाली. बाया तुटून पडल्या त्याच्यावर. "तुले डोळे हाये का बटनं?" करत त्याला गॉगलसकट सुपासमोर बसवला. बिचारा दुपारपर्यंत फुलं पाखडत होता. आणि तोच थोड्या वेळापूर्वी करिष्माला म्हणाला होता, "ताई, तुम्ही बाजूला बसा ना, काका चालवतील."

मग आमची पाळी. धनराजभाऊ बाजूच्या सीटवर बसले. बसले म्हणजे काय, दोन्ही हातांनी दार धरून डोळे मिटून घेतले.

कसं सांगू तुम्हाला! पहिला गिअर, दुसरा, तिसरा... आणि मग तिने चौथा टाकला. चौथा! खाणीवरच्या साहेबांनंतर मला चौथा गिअर कुणी दिला नव्हता. माझ्या पोटातली ती अडकलेली शिंक एकदाची सुटली. डांबर माझ्याखालून नदीसारखं वाहायला लागलं. पोतं आलं की करिष्मा अलगद आधी वेग काढून घ्यायची, मला वळवायची, आणि वळणाच्या मधूनच पुन्हा सोडायची. धानाच्या ढिगाला वळसा घालून घालून हात तयार झालेला. ढिगाला चाक लागलं तर मिलमधे बोलणी बसायची ना! एकाही पोत्याला मी शिवले नाही. मातीचा एक कणही उडवला नाही.

मधेच कधीतरी धनराजभाऊंनी डोळे उघडले. मला कळलं, कारण त्यांची दारावरची पकड सैल झाली. आणि मग ते इतक्या हळू बोलले की फक्त मलाच ऐकू आलं असेल. "अजून जोरात नाई जात का?"

थांबलो तेव्हा ते मला प्रदक्षिणा घालून आले. बोट फिरवत, इंच न इंच. ओरखडा नव्हता. "बरं चालवतेस," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. करिष्मा माझ्या बॉनेटवर डोकं टेकून रडली. मीही रडले असते, पण माझं पाणी सांडलं की लोक रेडिएटर उघडतात.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि ट्रकवाल्याचं टायर बसलं. भाऊ म्हणाले, अंधारात जंगलाचा रस्ता नको, मुक्काम करू. मला आंब्याखाली उभं केलं. सुगंधाबाई एक गच्च पिशवी घेऊन आल्या.

"पोरी, शब्द पाळला तू. खाली हातानं कशी जाशीन? घरी न्या, माय लाडू करन."

नाही कसं म्हणणार? पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही, आणि दिलेलं परत करायचं नाही. करिष्माने पिशवी माझ्या डिक्कीत ठेवली. झाकण लावलं. सगळे झोपायला गेले.

आता या गावात तान्हं पोरसुद्धा जाणतं की मोहावर अस्वल येतं. म्हणून गावातला मोह संध्याकाळी घरात जातो, दाराला कडी लागते. पण गाडी काही घरात जात नाही. ही एवढीशी गोष्ट त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आली नाही. ना बायांच्या, ना भाऊंच्या.

फटफटायला लागलं होतं, तेव्हा ते आलं. काळंकुट्ट, झुलत झुलत, नाकाने फुसफुस करत. माझ्यामागे येऊन उभं राहिलं. मी काय करणार? माझ्यात तिथून पळून जायची सगळी ताकद होती हो, फक्त चावी करिष्माच्या उशाखाली होती. त्याने पंजा डिक्कीवर ठेवला आणि वरून खालपर्यंत ओढला. चर्रर्र!

सुगंधाबाई पिंप बडवत धावत आल्या, अस्वल गेलं. डिक्की उघडली नाही. पण हिरव्या रंगावर चार लांब, पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

धनराजभाऊ अनवाणी उभे होते. सुगंधाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी हाये. मोह मी देल्ला. पोरीले बोल नोका लावू."

"बाबा, मी नाई पाडला हा ओरखडा," करिष्मा म्हणाली.

"तू नाई पाडला." भाऊंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. "पर पडला ना. आज अस्वल होतं, उद्या झाड राहीन. या गाडीले काई झालं अन् तू आत असली तर?"

तेव्हा मला कळलं की त्यांची भीती नुसती माझ्यासाठी नव्हती. पण कळून उपयोग काय?

तर ही काच. मला मधे उभं केलं आणि भोवती खोली बांधली, म्हणून मी बाहेर जाईन असं दारच नाही. आहे ते माणसापुरतं. एसी आहे, दिवे आहेत, गुळगुळीत फरशी आहे. प्रफुलमामांनी ओरखडेही बुजवू दिले नाहीत, उलट त्यांच्यावर वेगळा दिवा सोडलाय. 'अस्वलाने ओरबाडलेली गाडी'! ज्यांना वाघ दिसत नाही ते माझ्या डिक्कीसोबत फोटो काढतात. ज्या रेघांनी मला कोंडलं, त्याच आता माझा दागिना.

करिष्मा नागपूरला नोकरी करते. दर रविवारी सकाळी येते. इंजिन जाम होऊ नये म्हणून तेवढा वेळ मला सुरू करायची परवानगी आहे. धूर पाइपाने बाहेर सोडतात. ती आत बसते, मला मुलचेऱ्याच्या गोष्टी सांगते. सुगंधाबाई फोनवर विचारतात म्हणे, "बेडकी कशी हाये?" बोलता बोलता ती पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबते. मी गुरगुरते. भिंती झणझणतात. चाकं मात्र जागच्या जागी.

असंच एका रविवारी डाव्या कोपऱ्यातल्या काचेला केसाएवढा तडा गेला. धनराजभाऊ बाहेर उभे होते, त्यांनी पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता हेही बंद. ते आत आले, तड्यावरून अंगठा फिरवला. मग काउंटरवरून रिसॉर्टचं वाघाचं स्टिकर आणलं आणि त्यावर चिकटवलं. नीट, चारी कोपरे दाबून.

"बाबा?" करिष्मा म्हणाली.

"प्रफुलले नोको सांगू," ते म्हणाले. आणि दाराकडे जाता जाता, पाठमोरेच, "चौथा गिअर बरा चालते ना अजून?"

त्यानंतरचे रविवार जरा मोठे झालेत. करिष्माचा पाय थोडा जास्त खाली जातो. भाऊ बाहेर पेपर वाचत बसतात, त्यांना काही ऐकू येत नाही. आणि तो वाघ आहे ना कोपऱ्यातला, पाहा बरं नीट. खालच्या तड्याबरोबर शेपटीपासून मानेपर्यंत फाटत आलाय.

तुम्ही आलात, बरं वाटलं. फोटो काढा, ओरखड्यांचा खुशाल काढा. पण त्या स्टिकरकडे बोट दाखवून कुणाला विचारू नका. एवढं एक करा माझ्यासाठी. आज शनिवार आहे.