करेव्वा विकणे नाही

मी एक जुनी शेळी आहे. जुनी म्हणजे सात वर्षांची. शेळीच्या जातीत एवढं वय झालं, की माणसं तिच्याकडे बघता बघता मनातल्या मनात मसाला वाटायला घेतात. मित्रांनो, माझ्या बाबतीत तो विचार करू नका. मला शिंगं आहेत आणि ती मी अजून वापरते.

अंगानं मी काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण आमच्या जातीला सगळे अजून उस्मानाबादीच म्हणतात. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही तक्रार केली नाही. तक्रार करायची ती कामाची करावी, असं माझं मत आहे. तशी एक तक्रार आमच्या घरातून झाली, तिचीच ही हकिकत.

माझा जन्म धुरपदाबाईंच्या गोठ्यात झाला. वर्षाची झाल्यावर त्यांनी मला बाजारात नेलं. आमच्या भागातल्या बाजाराची एक रीत आहे. जनावर विकायचं असलं की त्याच्या गळ्यात कडुनिंबाची हिरवी डहाळी बांधतात. डहाळी दिसली की कुणीही यावं, दात बघावेत, बोलावं. आणि मालकाचं मन फिरलं, तर तो तीच डहाळी सोडून जनावराला खाऊ घालतो. पाला पोटात गेला की बोलणं संपलं. मग गिऱ्हाइकानं एक शब्द बोलायचा नाही, रागही धरायचा नाही.

मला ही रीत कुठली ठाऊक! भूक लागली होती आणि पाला हनुवटीखाली लोंबत होता. एका गिऱ्हाइकाशी बोलणं रंगात आलेलं असताना मी मान वाकडी केली आणि डहाळी फस्त केली. गिऱ्हाईक मुकाट्यानं उठून गेलं. धुरपदाबाईंनी माझ्या पाठीत एक ठेवून दिली. शेजारी उभे असलेले गुरुलिंगआप्पा मात्र पोट धरून हसले.

"स्वतःचा सौदा स्वतःच मोडला की हिनं! बाई, नवी डहाळी बांधा. आता मी बोलतो," ते म्हणाले.

अशी मी जळकोटजवळच्या आमच्या गावात, महादेवाच्या देवळामागच्या घरात आले. आप्पांनी माझं नाव करेव्वा ठेवलं. कानडीत करी म्हणजे काळी आणि अव्वा म्हणजे आई. आमच्या घरात दोन्ही भाषा नांदतात. आप्पा मला हाकलतात मराठीत आणि बोलावतात कानडीत. "बा, करेव्वा, बा" असं ऐकलं की मी हातातला, म्हणजे तोंडातला घास टाकून जाते. त्यांची सून शिवगंगा माझी धार काढते. तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. घर चालतं ते शिवगंगेच्या हातांवर, आप्पांच्या सोबतीवर आणि, फुशारकी म्हणा हवं तर, माझ्या दुधावर. मी चार वेळा जुळी दिली. एका वेळी तर तिळी! तेव्हा गावातल्या बायका मला बघायला आल्या होत्या आणि शिवगंगेनं माझी दृष्ट काढली होती.

गेल्या श्रावणात शिवगंगेची आई अंथरुणाला खिळली. शिवगंगेला अक्कलकोटला जाऊन दोन-तीन महिने राहावं लागणार होतं. आप्पांचे गुडघे धरलेले, मला चारायला कोण नेणार? तिनं एक संध्याकाळ माझ्या पाठीवर हात ठेवून विचार केला. मग मोबाईल काढला.

त्या मोबाईलमध्ये 'शेळीकट्टा' म्हणून एक जागा आहे. जिल्ह्यातले शेळीवाले तिथं जमतात. कुठं लस आली, कुठं रोग पडला, कुणाची शेळी व्याली, कुणाला बोकड हवा, सगळं एकाखाली एक येत राहतं. त्याला ते लोक फीड म्हणतात. कळंबचा अनिरुद्ध नावाचा शिकलेला तरुण हा कट्टा चालवतो. शिवगंगेनं माझा फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'शेळी विकणे आहे. महादेवाच्या देवळामागे.' वर गावाचं नाव घातलं. लिहून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता आत गेली. मला तेव्हा वाईट वाटलं, हे कबूल करते.

पण चौथ्या दिवशी तिच्या भावानं आईला स्वतःच्या घरी नेलं. शिवगंगेचं जाणं राहिलं. ती धावत गोठ्यात आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडली. मग तिनं कट्ट्यावर माझ्या फोटोखाली लिहिलं: 'आता विकणे नाही.' तिला वाटलं, विषय संपला.

विषय आत्ता कुठं सुरू होत होता! झालं होतं असं, की फोटोत मी काढणाऱ्याकडे रोखून बघत होते. लोकांना ती नजर फार आवडली. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून कुणी लिहिलं, 'ही शेळी नाही, शाळेची हेडबाई आहे.' कळंबच्या कुणी लिहिलं, 'हिच्यापुढं गृहपाठ न करता जाऊ नका.' आणि कट्ट्याचा नियम असा, की कुणी काही लिहिलं की ती पोस्ट पुन्हा सगळ्यांच्या वर येते. वर काय दिसतं? माझा फोटो आणि 'विकणे आहे'. 'विकणे नाही' हे शब्द चाळीस थट्टांच्या खाली गाडलेले. शिवगंगेनं पुन्हा लिहिलं, 'विकणे नाही.' त्याबरोबर पोस्ट पुन्हा वर आली! नाही म्हणावं तितकी मी जास्त विकाऊ. पुसावी म्हटलं, तर दुसऱ्यांनी काही लिहिलेली पोस्ट पुसता येत नाही, हा दुसरा नियम. फसवणूक होऊ नये म्हणून केलेला.

माणसं येऊ लागली. दुचाकीवर दोघं-दोघं, कधी अख्खं कुटुंब. माझे दात बघायचे, कास चाचपायचे. मी दोघांना शिंगावर घेतलं. एकाच्या पिशवीतली केळी सालासकट खाल्ली. लांबून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून शिवगंगा प्रत्येकाला चहा करायची.

तिनं अनिरुद्धला लिहून कळवलं. मागणी केवढीशी! पोस्टवर कडुनिंबाच्या डहाळीची एक खूण ठेवा. मालकानं ती दाबली की फोटोवर 'विकणे नाही' असं उमटावं आणि मग कुणी कितीही लिहिलं तरी ती पोस्ट वर येऊ नये. उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवली आहे. धन्यवाद.' महिन्यानं तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, तोच धन्यवाद. तिसऱ्यांदा तिनं फोनच लावला. मी खुंट्याला होते, सगळं ऐकलं.

"ताई, रागावू नका," अनिरुद्ध म्हणाला. "तुमच्या त्या एका पोस्टमुळं कट्टा गाजतोय. लोक तिच्यासाठी येतात."

"लोक तुमच्या कट्ट्यावर येत न्हाईत, माझ्या अंगणात येतात," शिवगंगा म्हणाली. "आन् चहा मी करते."

"एका माणसासाठी सगळी रचना बदलता येत नाही ना, ताई."

"एका माणसासाठी न्हाय. आज माझी करेव्वा हाय, उद्या दुसऱ्याची आसंल. मी काय तुमच्याकडं राज्य मागत न्हाय, एक पान मागतेय. ते मिळस्तवर रोज फोन करणार."

आणि तिनं केला. रोज, धार काढून झाली की. काही दिवसांनी त्यानं उचलणं सोडलं, तरी ती लावत राहिली. मित्रांनो, हट्ट हा शेळीचा गुण म्हणतात. आमच्या घरी तो माझा आधी की तिचा, सांगणं कठीण आहे.

मग वेळ अमावस्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. आदल्या दिवशी शिवगंगा भज्जीसाठी, म्हणजे त्या जेवणातल्या मिसळभाजीसाठी, वाटाणे आणि पालेभाज्या आणायला जळकोटला गेली. घरी आप्पा आणि मी. दुपारी दारात एक टेम्पो थांबला. वाशीचे बलभीम, तीस वर्षं जनावरांचा व्यापार केलेला माणूस. त्यांनी आप्पांपुढं मोबाईल धरला.

आप्पांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. वर सुनेचं नाव, खाली सुनेचे शब्द. माणसं येऊन जातात हे त्यांना ठाऊक होतं, पण शिवगंगा प्रत्येकाला 'न्हाय' म्हणायची ते तोंडी. हे तर लिहिलेलं होतं. आप्पांच्या लेखी लिहिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द.

"सुनेचं मन पुन्हा फिरलं आसंल. मला सांगायला जड गेलं आसंल पोरीला," ते म्हणाले. "तिचा शब्द मी कसा मोडू? पैसे तिच्याच हातात द्या. फाट्यावर भेटंल, हिरवं लुगडं हाय."

त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी तोडली आणि माझ्या गळ्यात बांधली. गाठ त्यांना तीनदा मारावी लागली. मग ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी ओरडले. इतकी ओरडले, की घसा बसला. आतून "बा" आलं नाही. माझ्या सात वर्षांत मला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

टेम्पोत बलभीमांनी दावं आखूड बांधलं. डहाळी हनुवटीखालीच होती, पण मान वळेना. पहिल्या बाजारात जमलेली गोष्ट आज जमत नव्हती.

फाट्यावर शिवगंगा भाजीची पिशवी घेऊन उभी होती. मी तिला बघितलं, तिनं मला. पिशवी तिथंच पडली, वाटाणे रस्त्यावर पसरले.

"उतरवा तिला!"

"बाई, तुमचंच लिहिलेलं हाय," बलभीम मोबाईल दाखवत म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांनी डहाळी बांधून दिलीया. चोरी करून न्हाय आणली."

"खाली वाचा. मी सतरा वेळा न्हाय म्हणून लिहिलंय."

"चारशे लोकांचं लिहिलेलं कोण वाचत बसतंय? आन् मी वाशीवरनं आलोय, माझं डिझेल काय पाण्यावर येतं?"

तसं बघितलं तर त्यांचंही चूक नव्हतं. भोवती माणसं जमली. चाकावर पाय देऊन शिवगंगा टेम्पोत चढली, माझ्या गळ्यातली डहाळी ओढून काढली आणि माझ्या तोंडापुढं धरली.

मित्रांनो, घसा कोरडा होता आणि पाला कडू होता. मी तो खाल्ला. पानं खाल्ली, काडी खाल्ली, सुतळीचं टोकही खाल्लं. खाताना बलभीमांकडे बघत होते, त्याच हेडबाईच्या नजरेनं.

बलभीमांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग एक शब्द न बोलता टेम्पोचा फाळका खाली पाडला आणि माझं दावं शिवगंगेच्या हातात दिलं.

"पाला खाल्ला, संपलं," ते म्हणाले. "पण बाई, हे मोबाईलमधी आमाला कसं कळावं?"

"तेच तर मी चार महिनं मागतेय!"

तिनं सगळं सांगितलं. बलभीम फाट्यावरच, रस्त्यावरचे वाटाणे वेचता वेचता ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तिथूनच कट्ट्यावर आपला आवाज भरून पाठवला: "मी बलभीम, वाशी. आज माझी फेरी फुकट गेली, उद्या तुमची जाईल. बाजारात जी रीत हाय ती कट्ट्यावर पाहिजे. डहाळीची खूण येत न्हाय तवर मी कट्ट्यावर एकही जनावर घेणार न्हाय. ज्याला पटंल त्यानं माझ्यासंगं यावं." संध्याकाळपर्यंत कळंब, वाशी, तुळजापूरचे छप्पन्न व्यापारी 'मी पण' म्हणाले. ज्या बाईचे फोन इतके दिवस नुसते वाजून गेले, तिला त्या रात्री अनिरुद्धचा स्वतःहून फोन आला.

घरी पोचलो तेव्हा आप्पा माझ्या रिकाम्या खुंट्यापाशी बसले होते.

"माझ्या हातानं बांधली गं मी," ते शिवगंगेला म्हणाले.

"आप्पा, तुम्ही माझा शब्द राखला. चूक त्या जुन्या शब्दाची हाय. त्याला कुणी पुसू देत नव्हतं."

मी आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते किती तरी वेळ माझे कान चोळत बसले.

दहाव्या दिवशी कट्ट्यावर हिरव्या डहाळीची खूण आली. पहिली खूण माझ्या फोटोवर लागली आणि मी सगळ्यांच्या खाली जाऊन निवांत बसले. अनिरुद्ध स्वतः आमच्याकडे आला. खुणेची माहिती द्यायला त्याला डहाळीसकट माझा नवा फोटो हवा होता. त्यानं मोबाईल सावरेपर्यंत डहाळी संपली. आता कट्ट्यावर फोटो आहे तो नुसता माझा, ओठाबाहेर एक काडी. चहा मात्र शिवगंगेनं त्यालाही दिला आणि कप त्यालाच विसळायला लावला.

मित्रांनो, तुम्ही चार लोकांत काही टाकता आणि विसरून जाता. ते बिचारं तिथंच उभं राहतं, गळ्यात डहाळी घेऊन, येईल त्याला दात दाखवत. टाकलंत तसं सोडवायलाही जा. सोडवण्याची वाट कुणी ठेवली नसेल, तर मागा. छोटी गोष्ट आहे म्हणून लाजू नका आणि 'नोंदवली आहे' म्हणाले म्हणून गप्प बसू नका.

आता रोज सकाळी आप्पा अंगणातल्या कडुनिंबाची एक डहाळी तोडतात आणि "बा, करेव्वा, बा" म्हणतात. गळ्यात बांधत नाहीत, हातानं भरवतात. मी काडीसुद्धा शिल्लक ठेवत नाही.