न डुगडुगणारं टेबल

थीम पार्कच्या फाटकातून आत शिरल्यापासून मी टेबलं हलवून बघत होते. लोक पाळण्यांच्या रांगेत आणि मी हॉटेलांच्या दारात. कुठल्या हॉटेलात बसायचं ते मला जेवणवेळेच्या आत ठरवायचं होतं, कारण आज माझ्या नातीचा वाढदिवस होता आणि तिने एकच गोष्ट मागितली होती. आजोबांनी आपल्याबरोबर एका टेबलावर बसून जेवायचं.

ऐकायला किती साधी मागणी! पण आमच्या घरात ती चंद्र मागण्यासारखी होती.

आमचे हे घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवताना यांचा हात कधी हलला नाही. गेल्या वर्षी आजारपण आलं, गेलं, आणि जाताना उजव्या हाताला थरथर लावून गेलं. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही, पण जाणारही नाही. दुकान बंद झालं, त्याचं मी एवढं मनाला लावून घेतलं नाही. दुकानं बंद होतात. पण यांनी माणसांत जेवणंच सोडलं. चमचा तोंडापर्यंत पोचेतो अर्धा रिकामा होतो, आणि ते कुणी पाहिलेलं यांना खपत नाही. ताट आतल्या खोलीतल्या छोट्या टेबलावर न्यायचं आणि दार लावून घ्यायचं. सुनेसमोर संकोच वाटतो, ते मी समजू शकते. पण मलासुद्धा बाहेर काढलं!

लग्न झाल्यापासून आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवत आलो. भांडण असलं तरी. अबोला धरला तरी मीठ मागायला तोंड उघडावंच लागायचं, आणि तिथेच अबोला संपायचा. आता मला भांडायलाही कुणी नव्हतं. वाढदिवस हे निमित्त होतं, खरा हट्ट माझाच होता.

निघताना यांनी अट घातली होती. "मी येतो, पण जेवणार नाही. तुम्ही जेवा, मी बाहेर बाकावर बसेन."

"बरं," मी म्हणाले. माझ्या 'बरं'चा अर्थ इतक्या वर्षांत यांना कळायला हवा होता.

लेक कामावर अडकला होता, म्हणून आम्ही चौघंच आलो होतो. हे, मी, सून आणि नात. नातीला हे 'किल्ली' म्हणतात, कारण एकदा दिली की बोलायची थांबत नाही. आजोबा-नात तळ्याकाठी बाकावर बसले, यांचा उजवा हात नेहमीप्रमाणे कोटाच्या खिशात. मी आणि सून हॉटेलं बघायला निघालो.

सुनेच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये साऱ्या जगाची मतं. "आई, हे बघा, राजवाड्यातल्या हॉटेलाला चांगले तारे आहेत. त्या काचेच्या हॉटेलात म्हणे केक फुकट देतात. आणि हे फाटकाजवळचं गलबत, इथे अजिबात नको. फरशी हलते म्हणे तिथली, सगळ्यांचे कपडे खराब होतात."

"खोड ते," मी म्हणाले.

माझी परीक्षा वेगळी होती. टेबल डुगडुगता कामा नये. हा यांचाच धडा. कुणाच्याही घरी गेलं की हे बसायच्या आधी टेबल हलवून बघायचे, आणि डुगडुगलं की खिशातून जाड कागदाची घडी काढून पायाखाली सारायचे. लग्नसमारंभात लोक वधूवर बघायचे आणि आमचे हे टेबलाखाली. "हललेल्या टेबलावर नीट काम होत नाही," एवढंच म्हणायचे. म्हणून वर्षभर मी घरातलं सगळं घट्ट करत आणलं होतं. जड बुडाचा पेला, ताटाखाली रबर, खुर्चीच्या पायांना बुचं.

राजवाड्यात लांबच्या लांब टेबलं, शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात. नापास. काचेच्या हॉटेलात बाहेरची रांग आतल्यांचे घास मोजत होती. नापास. गुहेतलं टेबल मी नुसता हात लावला तर कुरकुरलं. तिथला व्यवस्थापक धावत आला. त्याला वाटलं, मी तपासणीला आले आहे.

"काही तक्रार आहे का, बाई?"

"टेबलाला आहे," मी म्हणाले आणि पुढे झाले.

शेवटी सापडलं. जादूगाराचं ग्रंथालय. भिंतभर खोटी पुस्तकं, पाय बुडतील असा गालिचा, जाडजूड लाकडी टेबलं जमिनीला पक्की ठोकलेली. मी दोन्ही हातांनी हलवलं, मग कमरेने रेटलं. ढिम्म हललं नाही. कोपऱ्यातली जागा होती आणि आवाज कसला तो नाही. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

यांना आणायला किल्लीच पुरली. तिने आजोबांचा डावा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही जेवू नका. नुसते माझ्या शेजारी बसा. बसायला काय जातं?" पोरगी माझ्यावर गेली आहे.

हे बसले. सवयीने टेबल हलवून पाहिलं. "चांगलं टेबल आहे," म्हणाले. मी पटकन चार वाट्या सूप मागवलं. सूप आलं, त्याचा वास आला, आणि यांना भूक लागली आहे हे मला यांच्या पुढे झुकलेल्या मानेवरून कळलं. हळूच उजवा हात खिशातून बाहेर आला. सुनेने शहाण्यासारखी नजर पुस्तकांकडे वळवली.

चमचा वाटीला लागला. टिण टिण टिण टिण.

त्या शांततेत तो आवाज केवढा झाला म्हणून सांगू! शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वळवली. तिने पाहिलं, ते चाललं असतं. पण पाहून तिने घाईघाईने मान फिरवली, तेवढ्याने घात झाला. यांनी चमचा खाली ठेवला. ठेवतानाही तो वाजला.

"मला भूक नाही."

"अहो, पण…"

"तुम्ही जेवा. मी गाडीत बसतो."

आणि उठून चालायला लागले. वाढपी धावत आला, "काही चुकलं का?" म्हणाला. "माझं चुकलं, बाबा," मी म्हणाले. सून पैसे द्यायला थांबली. किल्लीचे डोळे भरले होते, पण ती तोंडातून एक शब्द काढत नव्हती. किल्ली गप्प बसली म्हणजे काय ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

मी यांच्या मागून निघाले. मला राग आला होता. यांचा आला होता, त्या बाईचा आला होता, आणि स्वतःचा तर सगळ्यांत जास्त. एवढं बघून, ठोकून, रेटून टेबल निवडलं आणि झालं काय? सगळं ढिम्म, सगळं गप्प, आणि त्यात हलणारा एकच, यांचा हात. घरीही मी वर्षभर हेच केलं होतं. जे जे हलतं ते घट्ट केलं, आणि यांना एकटं पाडलं.

फाटकापाशी पोचतो तोच गलबताचा दरवाजा उघडला आणि जेवलेली माणसं बाहेर पडली. एका गृहस्थाच्या पांढऱ्या शर्टावर कॉलरपासून पोटापर्यंत लाल ओघळ. त्याच्या बायकोच्या भुवईला शेवया चिकटलेल्या. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून खिदळत होते. दारावर पाटी होती, 'कपड्यांची काळजी असेल त्यांनी उपाशी राहावे.' आतून भांड्यांचा खणखणाट आणि माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळी याच दारावरून आम्ही गेलो होतो.

"थांबा," मी यांना म्हणाले. "आपण इथे जेवतोय."

मागून आलेली सून म्हणाली, "आई, हे आपण आधीच खोडलंय. इथली फरशी हलते."

"म्हणून तर."

हे वळले. चेहरा लाल झाला होता. "वेड लागलंय का तुला? धडधाकट माणसाच्या हातात जिथे घास राहत नाही, तिथे मला नेतेस? माझी शोभा करायची आहे?"

मग मात्र माझा ताबा सुटला. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. "तुमची शोभा! आणि माझं काय? वर्ष झालं, मी ओट्याशी उभी राहून चार घास गिळते. दाराआडून तुमचा चमचा ऐकत. तुम्हाला हाताची लाज वाटते ना? मला त्या हाताचं काही नाही. मला तुमच्या बंद दाराचं आहे. सांडा हवं तेवढं, पण माझ्यासमोर बसून सांडा!"

"उभी राहून?" हे हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही सगळे एकत्र बसता."

"ती दोघं कामावर, ही शाळेत. दुपारी घरात असतं कोण? तुम्ही आणि मी."

यांनी खाली मान घातली. मग किल्लीकडे बघून म्हणाले, "तुझी आजी ऐकायची नाही."

"नाहीच," किल्ली म्हणाली आणि दार ढकलून आत शिरली.

आत शिरताच खलाशाच्या वेषातल्या पोरीने आमच्या गळ्यात मोठाले रुमाल बांधले. लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात तसेच. यांच्या गळ्यातही. घरी मी एकदा रुमाल बांधू गेले होते, तर दोन दिवस बोलले नव्हते. इथे चकार शब्द काढला नाही, कारण पलीकडच्या टेबलावर एक मिशीवाले आजोबा तसाच रुमाल बांधून बसले होते आणि मिशीतून सूप टिपत होते.

हे बसले, आणि सवयीने टेबलावर हात ठेवला. तेवढ्यात अख्खी खोली डावीकडे कलली. यांचा दुसरा हात आपोआप खिशातल्या कागदाच्या घडीकडे गेला. मग स्वतःच थांबले. मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदा यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "इथे केवढी घडी लागेल गं?"

सूप आलं. खोली उजवीकडे गेली, वाटी डावीकडे. सुनेने चमचा तोंडाकडे नेला, तो हनुवटीला लागला. माझा कानाकडे गेला. किल्लीने तर चमचा सोडून वाटीच तोंडाला लावली आणि नाक बुडवलं. सुनेच्या रेशमी कपड्यांची पार वाट लागली आणि ती, एरवी डाग पडला की दिवसभर धुसफुसणारी, पोट धरून हसत होती.

हे जेवत होते. उजव्या हाताने. सांडत होतं, वाजत होतं, आणि कुणी मान वळवत नव्हतं, कारण प्रत्येक जण आपापल्या चमच्यामागे धावत होता. समोरासमोर बसून मी यांना बघितलं. दाढी नीट झाली नव्हती, हनुवटीवर सूप होतं.

"मीठ दे," हे म्हणाले.

मी मीठ दिलं. अर्धं वाटेत सांडलं.

आणि मग घंटा वाजली. खलाशी पोरगी ओरडली, "वादळ थांबलं! शांत समुद्र!" यंत्राची घरघर बंद पडली, फरशी थांबली. वादळ मधेच थांबतं, हे मला ठाऊक नव्हतं, सुनेच्या फोनमध्येही नव्हतं. सगळ्यांनी हुश्श केलं. हळूहळू सगळे हात थिरावले, वाट्या थिरावल्या, खोलीभर शांतता पसरली. आणि त्या शांततेत आमच्या टेबलावरून आवाज आला. टिण टिण टिण टिण.

मिशीवाल्या आजोबांनी वर पाहिलं. आणखी दोघातिघांनी पाहिलं. यांचा चमचा वाटीच्या आणि तोंडाच्या मधे लटकला होता. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. आता उठणार, मला वाटलं. आता गाडीत जाऊन बसणार, आणि उद्यापासून पुन्हा ते दार.

किल्लीला राहवलं नाही. "आजोबा, वादळ थांबलं. तुमचा हात अजून चालूच आहे!"

सुनेने डोळे मिटून घेतले.

यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. दुकानात एखादं घड्याळ उघडून बघायचे ना, तसं. मग बघणाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असू दे," म्हणाले. "चालू घड्याळ हलतंच, किल्ले. आतून बिलकूल हलत नाही ते बंद पडलेलं असतं."

आणि चमचा तोंडात घातला. अर्धा सांडला, अर्धा गेला. मिशीवाल्या आजोबांनी मान डोलावली आणि ते आपल्या सूपकडे वळले.

वाटी रिकामी झाल्यावर यांनी खिशातून ती कागदाची घडी काढली, तिने हनुवटी पुसली आणि घडी ताटात टाकून दिली. मग वाटी माझ्याकडे सरकवली.

"अजून मागव. आणि घरी माझं ते आतलं टेबल पुढच्या खोलीत आण. आतल्या खोलीत दोघांना दाटी होते."