तिसऱ्या मजल्याची टपालपेटी

जिन्याखाली सहा पेट्या एका ओळीत आहेत. त्यांतली शेवटची, एका बाजूला कललेल्या झाकणाची, ती मी. माझ्याकडे आता कोणी फारसं पाहत नाही. पण मित्रांनो, एका लेखिकेची अकरा वर्षं माझ्या पोटातून गेली आहेत, आणि ते सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

एका पत्रेवाल्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला बनवलं. वर चार बोटांची फट, खाली झाकण, झाकणाला छोटं कुलूप. माझा पहिला धनी तिसऱ्या मजल्यावरचा एकटा भाडेकरू होता. तो खोल्या सोडून गेला आणि महिन्याभराने तिथे एक कुटुंब राहायला आलं. सासूबाई, फिरतीच्या नोकरीतला मुलगा आणि सून.

सून रुग्णालयात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. आल्यानंतर आठवड्याभरात तिने माझ्यावर घरच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवली आणि तिच्याखाली दुसरी, एका पुरुषाच्या नावाची. सासूबाईंनी विचारलं, "हा कोण गं उपटसुंभ?"

"आधीचे भाडेकरू. गोष्टी लिहितात म्हणे. त्यांची पत्रं अजून इथे येतात, मी पुढे पाठवते."

हे तिने रचलं होतं. ते नाव त्या भाडेकरूचं नव्हतंच. ते तिचं स्वतःचं टोपणनाव होतं. तिची पहिली कथा एका सासूवर होती आणि सासूबाई मासिकं पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. घरात महाभारत नको म्हणून तिने हा आडोसा घेतला. तिचं अक्षर केसपेपरांमुळे गावभर ओळखीचं होतं. म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातल्या यंत्रावर कथा टाइप करी आणि सहीसुद्धा टाइप करी.

जाड पाकीट म्हणजे कथा परत, पातळ पाकीट म्हणजे स्वीकारली. हे मी वजनावरून शिकले. पहिली दोन वर्षं सगळी पाकिटं जाड होती. मग एक पातळ आलं. तिने ते जिन्यातच फोडलं आणि झाकण लावायला विसरून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

ती कथा सासूबाईंनीही वाचली. खाली येऊन जिन्याशेजारच्या दुकानातल्या शिंप्याला म्हणाल्या, "काय सासू रंगवलीय! अगदी आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली. बघा, आमच्याच खोलीत राहून गेला हो हा माणूस!" पुढे हा अभिमान वाढतच गेला. नवा अंक आला की त्या सुनेला बजावत, "आपल्या भाडेकरूची गोष्ट आलीय, आधी मी वाचणार."

अकरा वर्षांत तेवीस कथा छापून आल्या. मग एक दिवस संपादकांचं पातळ पाकीट आलं. कथांचं पुस्तक काढायचं ठरत होतं. करारपत्र वेगळं पाठवतो, सही करून दोन महिन्यांत परत करा, असं त्यात होतं. सून ते पत्र हातात धरून माझ्यासमोर किती वेळ उभी होती. या पुस्तकावर ती आपलं नाव घालणार होती आणि पहिली प्रत सासूबाईंच्या हातात ठेवणार होती.

त्याच सुमारास टपालवाला बदलला. सासूबाई गुडघ्याच्या व्यायामासाठी सकाळी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. त्या नव्या टपालवाल्याने विचारलं, "आजी, या नावाचं कोण राहतं इथे?"

"अरे, तो इथे नाही राहत. कधीच सोडून गेला. माझी सून बिचारी उगाच त्याची पत्रं वाहत बसते. तिकडचं तिकडे परत पाठव बाबा, तेवढाच तिचा ताप कमी."

त्याने करारपत्राच्या पाकिटावर 'पत्ता सोडून गेले' असं लिहिलं आणि पाकीट पिशवीत टाकलं. माझ्यापासून दोन हातांवर. माझं तोंड उघडंच होतं, पण ते काय कामाचं? स्मरणपत्रही तसंच गेलं. तिसरं पत्र रजिस्टर होतं, तेही गेलं. सासूबाईंना यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. सून मात्र रोज संध्याकाळी झाकण उघडायची आणि कोपऱ्यापर्यंत बोटं फिरवायची. पत्र्याने तिचं बोट कापलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

शेवटी मासिकाचा एक माणूस चौकशीला आला. सासूबाई वर होत्या. त्याने शिंप्याला विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरचे लेखक, ते आधीचे भाडेकरू, कुठे असतात?"

"तो होय? अहो, तो वारला. चार वर्षं झाली. गोष्टी लिहायचा, हे आमच्या म्हातारीकडून कळलं तेवढंच."

शिंपी खोटं बोलला नव्हता. तो भाडेकरू खरंच वारला होता. गेल्या चार वर्षांत छापलेल्या कथा आधीच पाठवून ठेवल्या असतील, असं संपादकांनी धरून चाललं. पुढच्या अंकात काळ्या चौकटीत लेखकाच्या निधनाची बातमी आली. वारस सापडत नसल्याने पुस्तकाचा विचार सोडल्याचं खाली छापलं होतं.

सासूबाई तो अंक घेऊन खाली आल्या. डोळे पुसत होत्या. सून माझ्यापाशीच उभी होती.

"आई, ते मी आहे. त्या सगळ्या गोष्टी मी लिहिल्यात."

सासूबाईंनी अंक मिटला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची अशी थट्टा करू नये गं. तुला कधी दोन ओळी लिहिताना पाहिलं नाही मी."

तिने संपादकांना लिहिलं. मासिकाच्या कार्यालयातून उत्तर आलं: असा दावा करणारं हे चौथं पत्र, हस्ताक्षराचा पुरावा असल्यास पाठवावा. पुरावा नव्हता; संपादकांची पत्रंही ती वाचून फाडून टाकी. तो राहू नये म्हणूनच तर ती अकरा वर्षं जपून वागली होती.

मग तिने नवी कथा लिहिली, हाताने, स्वतःच्या नावाने. पाकीट जाड आलं. तिने ते इथेच फोडलं. आत छापील चिठ्ठी आणि खाली पेनाने एक ओळ: 'दिवंगत लेखकाचं अनुकरण फार जाणवतं. स्वतःचा सूर शोधावा.'

वरून हाक आली, "काही आलं का गं?"

"नाही आई. काही नाही."

तिने कथा पुन्हा पाकिटात घातली, पाकीट माझ्यात ठेवलं आणि झाकण लावलं. त्यानंतर ती कधी इकडे वळली नाही. बिलं आता दाराखालून सरकवतात. कुलूप गंजून बसलंय आणि जिन्याची ओल माझ्या तळातून कागदापर्यंत पोहोचू लागली आहे.

मित्रांनो, दुसऱ्याच्या वतीने 'इथे कोणी नाही' असं सांगण्याआधी एक जिना चढून विचारत जा. आणि माझं एक काम करा. त्या तिसऱ्या मजल्यावर जा, सासूबाईंना हाताला धरून खाली आणा आणि हे झाकण उघडायला लावा. पाकिटावर त्यांच्या सुनेचं नाव आहे. आतली अक्षरंही तिचीच आहेत. ओल पहिल्या पानाला लागली आहे, उशीर करू नका.