महूला चौदा तारखेआधी

दौंडवरून महू. बाबासाहेबांच्या जन्मगावी, चौदा एप्रिलला, सायकलवर. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यभर एवढीच एक हौस बाळगली. नोकरीत एप्रिल महिन्यात कधी रजाच जुळली नाही. यंदा निवृत्त झाल्यावर म्हणाले, "गौतमे, औंदा न्हाई तर कवाच न्हाई."

वेळापत्रक मी बसवलं. मलाच भारी हौस! पहाटे निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली पडायचं, उतरलं की पुन्हा पायडल मारायचं. पंक्चरला वेळ ठेवला, घाटाला ठेवला. पाहुण्यांना ठेवायचा राहिला आणि घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं.

पहिला मुक्काम शिरूर ओलांडून सुप्याला होता. आबा मांडवगण फराट्यातच आत्याकडं उतरले. चहा झाला, जेवण झालं, मग "ऊन लई हाय" म्हणत रात्रसुद्धा तिथंच काढली. दुसऱ्या दिवशी तर गावोगाव कुणी ना कुणी निघालंच. इथं चुलत साडू, तिथं कामावरचा जोडीदार.

"दारावरनं पाणी न पिता जायाचं व्हय? लोकं काय म्हनतील?"

मी हात जोडले, ओरडले, एका फाट्यावर तर रडलेसुद्धा. "आबा, असं थांबत गेलो तर चौदाला आपण नगरमध्येच असू!" ते नुसते हसायचे आणि दिसेल त्या बाजेवर टेकायचे.

निमोण्यात दुपार झाली. शिरूर अजून पुढंच होतं. एका पत्र्याच्या घरापुढं आबांनी सायकल उभी केली. "हितं आपलं जुनं पाव्हणं हायेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो आबांच्या हातात देऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "कोन म्हनायचं तुमी? म्या वळखलं न्हाई."

मी आबांकडं वळले. ते ओट्यावर बसले होते. सदरा घामानं छातीला चिकटला होता, श्वास पुरत नव्हता.

"आबा, या कोण?"

"मलाबी ठावं न्हाई." त्यांनी मान खाली घातली. "वाईच बसाया पायजे व्हतं. दम लागतोय म्हनलो असतो तर तू माघारी फिरवलं असतंस."

म्हणजे काल आत्याकडंही ते उन्हासाठी थांबले नव्हते. सगळं वेळापत्रक मी माझ्याच पायांवर बेतलं होतं. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त, आणि भीतीही वाटली.

"आबा, घरी चला."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. डोळे भरून आले होते. "सायकल ढकलत चाललो तर? रातीबी चालतो मी. पोचंन का गं चौदाला?"

वाट, अंतर, मुक्काम, सगळं मला पाठ होतं. उत्तरही ठाऊक होतं. बाईंनी दुसरा तांब्या आणून ठेवला, तरी आबा माझ्या तोंडाकडंच बघत होते.