सावळीरामनानांचं ॲप

उज्वलाला मार्केटिंग हा शब्द आधीच आवडत नसे. प्रफुल्लची स्ट्रॅटेजी ऐकल्यावर तो तिला शिवीसारखा वाटायला लागला.

नोकरी सांभाळून, तीन वर्षं खपून तिनं द्राक्षबागायतदारांसाठी एक ॲप लिहिलं होतं. कोणत्या दिवशी कोणतं औषध फवारलं, त्याची नोंद ठेवायचं. माल परदेशी पाठवायचा तर ही नोंद लागतेच. ॲप ओपन सोर्स होतं. कोड कुणीही घ्या, बदला, वापरा, फक्त मूळ लिहिणारीचं नाव कुठंतरी ठेवा. पिंपळगावजवळच्या एका गावात बागायतदारांची कंपनी होती. कंपनीवाल्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत दोनशे जण यावर नोंदी करताना दिसले तर हे घेऊ, नाहीतर पुण्याचं विकतचं. वापरत होते साठ. तीन वर्षं मातीत जायची वेळ आली, तेव्हा उज्वलानं नाक मुठीत धरून मावसभावाला बोलावलं.

हा प्रफुल्ल कॉलेज रोडवर बसून ब्रँडिंग करायचा. म्हणजे काय करायचा, ते देवाला ठाऊक. गेल्या वर्षी त्यानं एका हुरडा पार्टीवाल्याला इंग्रजी नाव सुचवलं होतं, तेवढ्या भांडवलावर स्वारी अजून चालत होती.

"तू फुकट फुकट म्हणून ओरडतेस, तिथंच चुकतेस," तो म्हणाला. "लोकांना चेहरा लागतो. सावळीरामनाना घे. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही."

हे अर्ध्या गावापुरतं खरं होतं. उरलेलं अर्धं चिमाजीआप्पांच्या पॅनलचं, आणि सोसायटीच्या निवडणुकीपासून ही दोन घरं एकमेकांच्या लग्नात जेवत नव्हती. प्रफुल्लनं चौकशी केली नाही. पण उज्वला तरी कुठं शहाणी? कोडमधली एक चूक शोधायला रात्री घालवणाऱ्या बाईला, गावात पॅनल किती, एवढं विचारायचं सुचलं नाही.

चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. मधोमध हात जोडलेले नाना, भोवती तेवीस कार्यकर्त्यांची मुंडकी, आणि ॲपचं नाव नानांच्या चपलेजवळ. आठवड्यात साठाचे एकतीस झाले. एकानं फोनवर सरळ सुनावलं, "सावळ्याच्या ॲपमधी माझ्या बागेची नोंद? नाय जमायचं."

"ही पोलरायझेशनची फेज आहे," प्रफुल्ल म्हणाला. उज्वलाला त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला.

मग आप्पांच्या इंजिनिअर सुनेनं तोच कोड उतरवून घेतला. निळ्याचा गुलाबी रंग केला, उघडताच आप्पांचा फेटेवाला फोटो, आणि उज्वलाचं नाव कुणी कधी उघडत नाही अशा शेवटच्या पानावर. तक्रारीला जागाच नव्हती. परवानगी तिनंच लिहून दिलेली. आप्पांच्या माणसांनी सोयऱ्याधायऱ्यांनाही कामाला लावलं, आणि दिवाळीच्या आत दोनशे चाळीस जण त्यावर नोंदी करू लागले. आकडा बघून उज्वलाला रडू आलं, आणि रडू आलं याचा संतापही आला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खुद्द आप्पांचा फोन आला.

"उज्वलाताई का? कंपनीनं आमचं ॲप घेतलं. सूनबाई चालली नवऱ्याकडं बंगळुरूला. सांभाळायला माणूस पायजे. नानाचं तुम्हीच केलं म्हणं?"

"हो."

"त्यात लय चुका हायेत म्हणत्यात. आमचं जमंल का? अनुभव किती?"

"तीन वर्षांचा."

"आमच्या ॲपचा इचारतोय मी."

"त्याचाच सांगतेय, आप्पा. शेवटचं पान उघडून बघा."

आप्पांनी फोन कानापासून काढून पान उघडलं. "बघितलं. बरं, काम तुम्हीच करा. पण फोटो आमचाच राहू द्या."

"राहू द्या," उज्वला म्हणाली. फोटो कुणाचाही असो, नोंदी खऱ्या होत्या.